कथा, खेळ आणि कर्तव्य : दोन कथाप्रधान मोबाइल अ‍ॅपची समीक्षा

सारांश :

दैनंदिन कामे वेळेवर पार पाडण्यासाठी कथा आणि खेळ यांचा आधार घेणारी मोबाइल अ‍ॅप गेल्या दीड दशकात लोकप्रिय झाली आहेत. त्यांचा विचार बहुधा मानसशास्त्र, संगणकशास्त्र अथवा व्यवस्थापनशास्त्र यांच्या अंगाने होतो. त्यांतील कथेचा कथा म्हणून विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ‘हॅबिटिका’ आणि ‘झॉम्बीज, रन!’ या दोन अ‍ॅपमधील कथेचे स्वरूप, तिचे कामाशी असलेले नाते आणि त्या नात्यातून निर्माण होणारे नैतिक प्रश्न यांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : खेळीकरण, कथनरूप, रसविघ्न, कहाणी, ओवी, उत्पादकता.

१. प्रस्तावना

साहित्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राइतकाच जुना आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, तात्काळ परमानंद आणि कांतासंमित उपदेश अशी सहा प्रयोजने सांगितली. मराठीत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद याच प्रश्नाचा आधुनिक अवतार होय. मात्र या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत होती. कथा वाचकाला काही शिकवील, त्याचे मन घडवील. पण ती त्याच्याकडून आजच्या आज, अमुक वाजता, अमुक काम करवून घेईल, अशी अपेक्षा कोणी बाळगली नव्हती.

मोबाइलवरील खेळवजा अ‍ॅपनी नेमकी ही अपेक्षा कथेकडून केली आहे. भांडी घासणे, प्रकरण लिहून पूर्ण करणे, रोज अर्धा तास धावणे यांसारखी कामे टळू नयेत म्हणून येथे कथा राबविली जाते. कथेला अशा रीतीने कामाला जुंपले असता कथेचे काय होते आणि कामाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. साहित्याच्या अध्यापकाने या प्रश्नाकडे पाठ फिरविणे योग्य नाही. कारण आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना दीर्घ कथनाचा परिचय आता ग्रंथातून न होता अशाच साधनांतून होत आहे.

२. संकल्पनेची मांडणी

खेळ नसलेल्या क्षेत्रात खेळाच्या रचनेतील घटकांचा वापर करणे, अशी ‘गेमिफिकेशन’ची व्याख्या सेबास्टियन डिटरडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केली. मराठीत यासाठी ‘खेळीकरण’ हा शब्द वापरता येईल. गुण, पातळी, बिल्ले, क्रमवारी हे त्याचे परिचित घटक होत.

या कल्पनेचे स्वागत आणि तिची निर्भर्त्सना जवळजवळ एकाच वेळी झाली. जेन मॅक्गॉनिगल यांनी ‘रिअ‍ॅलिटी इज ब्रोकन’ (२०११) या ग्रंथात खेळांच्या रचनेतून वास्तव जीवन सुधारता येईल असा आशावाद मांडला. त्याच वर्षी इयन बोगोस्ट यांनी खेळीकरण म्हणजे विपणनतज्ज्ञांनी रचलेली निव्वळ थाप असल्याची टीका केली आणि त्याला शोषणाचे साधन ठरविले. बोगोस्ट यांनी २०१० मध्ये ‘काऊ क्लिकर’ नावाचा एक उपहासात्मक खेळ तयार केला होता. ठरावीक तासांनी एका गायीच्या चित्राला टिचकी मारणे, एवढाच त्याचा आशय. उपहास म्हणून केलेला हा खेळ हजारो लोक मनापासून खेळू लागले, ही त्या काळातील एक बोलकी घटना होय.

योहान हाइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत स्वेच्छा आणि नित्य व्यवहारापासूनचे वेगळेपण ही दोन महत्त्वाची आहेत. खेळीकरण यांपैकी दुसरे लक्षण मुद्दामच पुसून टाकते. पहिले लक्षण, म्हणजे स्वेच्छा, त्यात कितपत शिल्लक राहते यावर त्याचे मूल्यमापन अवलंबून ठेवावे लागेल. या मुद्द्याचा विचार सहाव्या भागात केला आहे.

३. हॅबिटिका : कामाचे रूपक

‘हॅबिटिका’ हे अ‍ॅप २०१३ मध्ये ‘हॅबिटआरपीजी’ या नावाने लोकवर्गणीच्या आधारे पुढे आले आणि २०१५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. वापरणारी व्यक्ती आपली कामे सवयी, नित्यकर्मे आणि एकदाच करावयाची कामे अशा तीन रकान्यांत लिहिते. काम झाले की तिच्या पात्राला अनुभवगुण आणि सुवर्णमुद्रा मिळतात. नित्यकर्म चुकले की पन्नास गुणांच्या आरोग्यातून काही गुण वजा होतात. आरोग्य शून्यावर आले तर पात्र ‘मरते’. म्हणजे एक पातळी, सर्व सुवर्णमुद्रा आणि शस्त्रसामग्रीतील एक वस्तू गमावते. काम टाळत राहिल्यास त्याचा रंग हळूहळू लालसर होत जातो आणि ते अखेर पूर्ण केल्यास अधिक मोबदला मिळतो. टाळलेले काम जड होत जाते, हा प्रत्येकाचा अनुभव येथे रंगाच्या भाषेत सांगितला आहे, हे मान्य करावे लागेल.

या व्यवस्थेवर कथेचा थर ‘शोधमोहिमां’च्या रूपाने चढविला आहे. एका मालिकेत न घासलेल्या भांड्यांनी तळे दूषित झालेले असते, पुढे उरल्यासुरल्या खाद्यपदार्थांतून एक अक्राळविक्राळ प्राणी उभा राहतो आणि शेवटी मळक्या कपड्यांच्या ढिगाऱ्यातून मांत्रिक प्रकट होतो. दुसऱ्या एका मोहिमेतील राक्षस अपुऱ्या राहिलेल्या कामांच्या यादीतून जन्माला आलेला आहे. नावांतील शब्दश्लेष खेळकर आहेत आणि लेखन कंटाळवाणे नाही.

तथापि कथा म्हणून विचार करता या मोहिमांची मर्यादा लगेच जाणवते. येथे उपमान आणि उपमेय यांच्यात अंतरच नाही. भांड्यांचा राक्षस म्हणजे भांडीच. रूपकाने वस्तूकडे नव्या दृष्टीने पाहावयास लावावे, अशी आपली अपेक्षा असते. येथे मात्र रूपक वस्तूवर घातलेल्या मुखवट्याप्रमाणे राहते आणि मुखवट्यामागचा चेहरा कोणाचा आहे, हे पहिल्या वाक्यातच कळते. मम्मटाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा उपदेश कांतासंमित वेषातला, पण वृत्तीने प्रभुसंमित आहे. आज्ञा पाळा, अन्यथा दंड भरा, हेच त्याचे सूत्र.

यापेक्षा महत्त्वाचा दोष रचनेतच आहे. राक्षसाची शक्ती वापरणाऱ्याने पूर्ण केलेल्या कामांनुसार कमी होते. म्हणजे कथेची गती पूर्णपणे कर्तव्याच्या हिशेबावर अवलंबून आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक, ‘निजसुखादिविवशीभाव’, येथे मुळातच घर करून बसले आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेला प्रेक्षक रसाचा आस्वाद घेऊ शकत नाही. ज्या कथेत प्रत्येक क्षणी आपलेच आरोग्यगुण आणि आपल्याच मुद्रा मोजल्या जात आहेत, तेथे साधारणीकरण व्हावे तरी कसे? हॅबिटिकामधील कथा वाचली जात नाही, ती जमाखर्चाच्या वहीसारखी तपासली जाते.

या अ‍ॅपचे खरे बळ कथेत नसून सोबतीत आहे. गटातील एकाने नित्यकर्म चुकविले तर राक्षसाचा आघात सर्वांवर होतो. त्यामुळे आपल्यामुळे इतरांचे नुकसान होऊ नये ही भावना जागी राहते. कामे कोणी तपासत नाही, खोटी खूण करणे सहज शक्य असते. तरीही ही भावना प्रामाणिकपणाला आधार देते. परंतु सोबतीचे हे बळही वापरणाऱ्यांच्या मालकीचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चालकांनी अ‍ॅपमधील सार्वजनिक गप्पांची जागा आणि समान आवडींचे संघ बंद केले. छोटे गट शिल्लक राहिले. परंतु दहा वर्षांत उभा राहिलेला एक समाज एका निर्णयाने विखुरला.

४. झॉम्बीज, रन! : श्रमाला मिळालेली कथा

लंडन येथील ‘सिक्स टू स्टार्ट’ या संस्थेने कादंबरीकार नेओमी अल्डरमन यांच्या सहकार्याने तयार केलेले ‘झॉम्बीज, रन!’ हे अ‍ॅप फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रकाशित झाले. त्यासाठी आदल्या वर्षी १२,५०० डॉलरचे उद्दिष्ट ठेवून लोकवर्गणी मागितली होती. प्रत्यक्षात ७२ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. ‘डिसओबीडियन्स’ (२००६) या कादंबरीने परिचित झालेल्या आणि पुढे ‘द पॉवर’ या कादंबरीसाठी २०१७ चा स्त्रियांच्या कथालेखनासाठीचा बेलीज पुरस्कार मिळविणाऱ्या लेखिकेने हे काम दुय्यम मानले नाही, ही बाब समीक्षकाने ध्यानात घ्यावी अशी आहे.

या अ‍ॅपचे माध्यम ध्वनी आहे. धावणारा कानात ध्वनियंत्र घालून घराबाहेर पडतो. त्याची स्वतःची गाणी वाजत असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत कथेचे तुकडे ऐकू येतात. जग चालत्या प्रेतांनी ग्रासलेले आहे. एबल टाउनशिप या छोट्या वस्तीकडे येणारे हेलिकॉप्टर पाडले जाते आणि त्यातून वाचलेली व्यक्ती ‘रनर फाइव्ह’ म्हणून वस्तीसाठी धावू लागते. ही व्यक्ती म्हणजे श्रोता स्वतःच. बिनतारी यंत्रावरून सॅम याओ नावाचा तरुण तिला वाट सांगतो, तिच्याशी गप्पा मारतो, घाबरतो, विनोद करतो. वस्तीसाठी औषधे, अन्न, बॅटऱ्या गोळा होत राहतात.

रनर फाइव्ह कधीही बोलत नाही. तिचे वा त्याचे लिंग, वय, रूप यांपैकी काहीही सांगितलेले नाही. इतर पात्रे त्याचा उल्लेख येणार नाही अशा बेताने बोलतात. वरवर पाहता ही तांत्रिक सोय वाटेल. वस्तुतः हा कथनतंत्राचा अत्यंत विचारपूर्वक केलेला वापर आहे. नायकाची जागा रिकामी ठेवल्यामुळे श्रोता तेथे सहज उभा राहतो आणि कथेतील भावनांचा भार सॅमसारख्या पात्रांवर पडतो. आपण ज्याच्यासाठी धावतो तो माणूस आपल्याला आवाजातून कळत जातो. गुण मिळावेत म्हणून धावणे आणि सॅम एकटा पडू नये म्हणून धावणे, यांत कृती एकच असली तरी अर्थ भिन्न आहे.

रसव्यवस्थेच्या दृष्टीनेही येथे एक अपूर्व गोष्ट घडते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव भरताने सांगितले आहेत. हे भाव मनात उपजतात आणि देहावर प्रकट होतात. ‘झॉम्बीज, रन!’मध्ये हा क्रम उलटा होतो. घाम आलेला असतो तो धावल्यामुळे. छाती धडधडत असते ती चढामुळे. परंतु मागून गुरगुरणे ऐकू येताच तोच घाम भयाचा वाटू लागतो. देहाची खरी अवस्था कथा आपल्या पदरात घेते आणि भयानक रसाचे साहित्य म्हणून वापरते. पुस्तक वाचताना वा चित्रपट पाहताना हे शक्य नसते; कारण तेथे देह स्वस्थ बसलेला असतो. कथनाच्या नव्या माध्यमाने साहित्यविचाराला दिलेली ही एक खरी भर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोषही आहेत. गोळा केलेल्या वस्तूंनी वस्ती वाढविण्याचा भाग कथेला काहीसा चिकटविल्यासारखा वाटतो. शब्दसंकेत प्रत्येक वेळी एकाच वळणाचे असल्याने काही प्रसंग पुनरुक्त होतात. पाठलागाच्या वेळी वेग वाढविता आला नाही तर काही वस्तू गमवाव्या लागतात. परंतु कथा पुढे चालूच राहते. हा शेवटचा मुद्दा काहींना दोष वाटेल. श्रोता हळू धावला तरी कथेचा शेवट बदलत नाही, मग त्याच्या कर्तृत्वाला अर्थ काय? प्रस्तुत लेखकाच्या मते हेच या रचनेचे शहाणपण होय. कथेचा निकाल श्रोत्याच्या कार्यक्षमतेवर टांगलेला नसल्यामुळेच त्याला क्षणभर स्वतःचा हिशेब विसरता येतो. हॅबिटिकामध्ये जे रसविघ्न मुळाशी आहे, ते येथे बऱ्याच अंशी दूर झाले आहे.

५. कहाणी आणि ओवी

वरील दोन अ‍ॅपमधील भेद समजून घेण्यासाठी मराठी परंपरेतील दोन कथनरूपांचा उपयोग होतो. पहिले रूप व्रताच्या कहाणीचे. श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांमध्ये वसा घेणे, तो टाकल्यामुळे दैन्य येणे आणि तो पुन्हा स्वीकारल्यावर गेलेले वैभव परत मिळणे, अशी घडण वारंवार आढळते. नित्यनेम आणि फलश्रुती यांची सांगड घालणारे हे कथन आहे. हॅबिटिकाची घडण हीच आहे. नेम चुकला की पातळी जाते, नेम धरला की ती परत मिळते. फरक इतकाच की कहाणीतील नेमामागे श्रद्धेचे आणि समूहाचे एक विश्व उभे असते. तेथे दैन्य आलेल्या स्त्रीचे दुःख कथेत उमटते. हॅबिटिकाने कहाणीची चौकट घेतली, आशय मात्र घेतला नाही.

दुसरे रूप जात्यावरच्या ओवीचे. पहाटे दळण दळताना स्त्रियांनी रचलेल्या आणि गायिलेल्या ओव्यांचा केवढा साठा महाराष्ट्रात होता, याची कल्पना हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनावरून येते. त्यात १ लाखाहून अधिक ओव्या आहेत. ओवी हा दळणाचा मोबदला नव्हता. इतके दळण झाले की एक ओवी, असा हिशेब कोणी मांडला नाही. ओवी श्रमाच्या लयीतच जन्म घेत होती आणि श्रम करणारीच तिची कर्ती होती. भाऊ, माहेर, सासुरवास, विठ्ठल यांची सोबत तिने कष्टात स्वतःच निर्माण केली. ‘झॉम्बीज, रन!’ या रूपाच्या जवळ जाते. कारण तेथेही कथा श्रमानंतर न मिळता श्रमासोबत मिळते आणि श्वासाच्या लयीत मिसळते.

मात्र साम्य येथेच संपते. ओवी गाणारी स्त्री स्वतः कवयित्री होती; धावणारा केवळ श्रोता आहे. त्याची सोबत दुसऱ्याने लिहिलेली, दुसऱ्याच्या आवाजातली आणि पैसे मोजून घेतलेली आहे. शिवाय दळण ही गरज होती आणि तिचा भार स्त्रियांवरच टाकलेला होता, हेही विसरता येत नाही. ओवीने कष्ट सुसह्य केले, ते न्याय्य केले नाहीत. कामाला कथेची जोड देणाऱ्या कोणत्याही साधनाची परीक्षा घेताना हा भेद मनाशी ठेवावा लागतो.

६. काम कोणाचे, खेळ कोणाचा?

कथा हीदेखील एक प्रकारची लाचच नव्हे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रकलेकडे इतरांपेक्षा कमी वळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले त्यांच्यात ही घट आढळली नाही. बाहेरून कबूल केलेला मोबदला मूळच्या गोडीची जागा घेतो, असा याचा अर्थ लावला जातो. गुण आणि मुद्रा यांना हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. कथेला तो अंशतः लागू पडतो. पुढे काय झाले हे जाणण्याची उत्सुकता हा मोबदलाच आहे. परंतु तो साठविता येत नाही, त्याची इतरांशी तुलना होत नाही आणि कामाच्या अनुभवापासून तो वेगळा काढता येत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, मूळची गोडी ज्या कामात नसतेच, तेथे गमावण्यासारखेही फारसे काही नसते. भांडी घासण्याच्या आनंदाला हॅबिटिकामुळे धोका पोचेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. लेखन, वाचन, संशोधन यांच्या बाबतीत मात्र ती बाळगली पाहिजे.

यापेक्षा गंभीर प्रश्न स्वेच्छेचा आहे. वरील दोन्ही अ‍ॅपमध्ये काम कोणते करावयाचे आणि किती करावयाचे, हे वापरणारा स्वतः ठरवितो. ते बंद करण्याची मोकळीक त्याला असते. हीच तंत्रे मालकाच्या हाती गेली की चित्र पालटते. अमेझॉनच्या काही गोदामांतील कामगारांच्या वस्तू उचलण्याच्या वेगाचे रूपांतर पडद्यावरील शर्यती, राक्षस आणि किल्ले यांच्या खेळात केले जात असल्याचे वृत्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उबरने चालकांना ठरावीक संख्येच्या फेऱ्या पूर्ण केल्यास देऊ केलेल्या वाढीव रकमेच्या योजनेला ‘क्वेस्ट’, म्हणजे शोधमोहीम, असेच नाव दिले. तेथे कथा उरत नाही, तिचे शब्द तेवढे उरतात.

या संदर्भात ‘झॉम्बीज, रन!’चे सहनिर्माते एड्रियन हॉन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘यू हॅव बीन प्लेड’ हा ग्रंथ लक्षणीय आहे. कंपन्या, शासनसंस्था आणि शाळा माणसांवर नियंत्रण ठेवण्यासाठी खेळांचा कसा वापर करतात, याची चिकित्सा त्यांनी त्यात केली आहे. ज्याने खेळीकरणाचे एक उत्तम उदाहरण निर्माण केले, त्यानेच त्याच्या सार्वत्रिक वापराविरुद्ध इशारा द्यावा, यात विसंगती नाही. चांगली कथा रचावयास किती परिश्रम पडतात हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच निव्वळ गुणांच्या पाटीला खेळ म्हणण्यातली लबाडी लवकर कळते.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी आपले अध्यापन, संशोधन आणि परिसंवादांतील सहभाग यांना गुणांत मांडले. २०१८ च्या विनियमांनी त्या पद्धतीचे स्वरूप बदलले, तरी संशोधनाचे गुणांकन राहिले. मूल्यमापन असू नये असे कोणी म्हणणार नाही. पण लेख लिहावयाचा तो काही सांगावयाचे आहे म्हणून की रकाना भरावयाचा आहे म्हणून, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडला आहे. गुण हे कामाचे माप न राहता कामाचा हेतू बनले, की कोणत्याही क्षेत्राचे हॅबिटिका होते. तेही बंद करण्याची मोकळीक नसलेले.

७. निष्कर्ष

१) खेळवजा अ‍ॅपमधील कथेचे मूल्यमापन तिच्या उपयुक्ततेवरून करणे अपुरे आहे. कथा म्हणून ती स्वतंत्रपणे उभी राहते काय, हेही पाहिले पाहिजे.

२) हॅबिटिकामध्ये कथा कामाचे रूपक आहे आणि ती हिशेबाच्या अधीन असल्याने तिच्यात रसनिष्पत्तीला वाव उरत नाही. तिचे बळ परस्परांविषयीच्या जबाबदारीच्या भावनेत आहे.

३) ‘झॉम्बीज, रन!’मध्ये कथेचा निकाल श्रोत्याच्या कामगिरीपासून मोकळा ठेवल्यामुळे आणि देहाच्या श्रमालाच कथेचे साहित्य बनविल्यामुळे कथन आणि श्रम यांचा खरा मेळ साधला आहे.

४) मोबदला म्हणून येणारी कथा आणि सोबत म्हणून येणारी कथा, असा भेद करावा लागतो. कहाणी आणि ओवी ही मराठीतील कथनरूपे तो स्पष्ट करण्यास उपयोगी पडतात.

५) काम ठरविण्याचा आणि खेळ थांबविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर या साधनांची नैतिकता अवलंबून राहते. तो अधिकार काम करणाऱ्याकडून गेला, तर उत्तम कथाही वेठबिगारीचे गाणे होऊन बसते.

मोबाइलच्या पडद्यावर घडणाऱ्या या कथनाला साहित्याबाहेरचे म्हणून दूर ठेवण्यापेक्षा आपल्या काव्यशास्त्राची आणि लोकपरंपरेची परिभाषा घेऊन त्याच्यासमोर जाणे अधिक उचित ठरेल. त्यामुळे त्या कथनाचे दोष तर दिसतीलच. पण जुन्या परिभाषेतील संज्ञा आजही किती कामाच्या आहेत, याचीही प्रचिती येईल.